महाबळेश्वरच्या टॅक्सीवाल्या दादांनो, आर्थर सीटची गोष्ट पुरी सांगा

महाबळेश्वरमधले सर्व टॅक्सीचालक, गाइड, घोडेवाले आणि पॉइंटांवर दुकान मांडणारे भाऊ-बहिणी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बाणकोट खाडीच्या काठची. तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. तुमच्या डोंगरात पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री यांच्या बरोबरीनं जिची धार दाखवतात ती सावित्री तुमच्याकडून खाली उतरते, पोलादपूर, महाड करत येते आणि आमच्या दारात समुद्राला मिळते. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला आम्ही. पाण्याच्या नात्यानं आपण शेजारीच झालो, आणि त्याच हक्कानं हे पत्र लिहायला बसले आहे.

गेल्या हिवाळ्यात मुलगी, जावई आणि नातवाबरोबर महाबळेश्वरला आले होते. तीन दिवस तुमच्यातल्याच एका दादाची गाडी केली होती. माणूस फार चांगला. नातवाला वळणांचा त्रास होतो म्हटल्यावर त्यानं आपणहून गाडी हळू घेतली, खिडकीशी बसवलं, वाटेत दोनदा थांबवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी क्षेत्र महाबळेश्वरच्या पुढं जंगलातल्या रस्त्यानं तो आम्हाला आर्थर सीटला घेऊन गेला. गाडी तळावर लावून आम्ही पायी निघालो. वाघाचं पाणी म्हणतात त्या झऱ्याशी थांबलो, तिथून पुढं कड्यावर गेलो. धुकं नुकतंच उठत होतं. डाव्या हाताला सावित्रीचं खोरं, इतकं खोल की बघताना पोटात कालवतं. उजव्या हाताला जोर गावचं खोरं, हिरवं, जरा उथळ, माणसाच्या मापाचं. मध्ये आपण उभे.

मी आयुष्यभर सावित्री तोंडाशी बघितली. तिथं ती इतकी रुंद असते की पलीकडच्या माणसाचं तोंड ओळखू येत नाही. वरून बघितलं तर ती कुठं दिसेचना. नुसती डोंगरांची घडी. मी त्या घडीकडं बघत असतानाच दादानं नेहमीची गोष्ट सुरू केली.

"मावशी, इथं आर्थर साहेब बसायचा बघा. त्याची बायको आणि तान्ही पोर खाली सावित्रीत बोट बुडून गेली. मग तो रोज इथं येऊन नदीकडं बघत बसायचा. म्हणून ह्याला आर्थर सीट म्हणतात."

नातू गप्प झाला. मुलगीही. गोष्ट आहेच तशी, आणि दादानं सांगितलीही मनापासून. मी त्याला विचारलं, "बोट कोण चालवत होतं?"

"म्हणजे?"

"बोटीवर खलाशी असतील ना. त्यांचं काय झालं? ते वाचले का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते काय आम्हाला कुणी सांगितलं नाही, मावशी. आणि कुणी विचारलंही नाही आजपर्यंत."

दादांनो, ते वाचले नाहीत. तेरा खलाशी होते. तेराच्या तेरा बुडाले.

माझे आजोबा मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, तांडेल होते, म्हणजे होडीचे मुख्य. वडील खाडीतल्या लाँचवर सारंग. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. ते तेरा जण मला माझ्या घरातले का वाटतात, ते कळावं म्हणून सांगते. बाणकोटच्या टेकडीवर त्या आईचं आणि बाळाचं दगडी स्मारक आहे. लहानपणी आम्ही तिकडं करवंदं काढायला जायचो. "मडमेचं थडगं" म्हणायचो, त्याच्या सावलीत बसून करवंदं खायचो आणि घरी यायचो. एकदा आजोबांना विचारलं की मडम कशी मेली. त्यांनी मडमेचं काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "तेरा माणसं होती तिच्यासोबत. आपल्यासारखी." एवढंच बोलून ते पुन्हा जाळ्याची गाठ मारायला लागले. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. तो तेराचा आकडा तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

आता जरा नीट, पहिल्यापासून सांगते, कारण ह्या गोष्टीत बऱ्याच गाठी पडल्या आहेत.

हा आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट. जन्म १८०६. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी. कुणी कुणी त्याची गल्लत सर जॉर्ज आर्थर ह्या मुंबईच्या गव्हर्नरशी करतात. हा गव्हर्नर १८४२ ते १८४६ ह्या काळातला, माणूस वेगळा. साताऱ्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये ह्या कड्याचं नाव आर्थर मॅलेटवरून पडलं असं दिलं आहे, आणि कारणही दिलं आहे: ह्या जागेवर पहिलं घर त्यानं बांधलं. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहरालगत आर्थर सीट नावाचा एक प्रसिद्ध डोंगर आहे. त्या काळचे माल्कम, एल्फिन्स्टन असे कितीतरी बडे अधिकारी मूळचे स्कॉटलंडचेच. त्यामुळे आर्थर नावाच्या माणसानं कड्यावर घर बांधल्यावर हे नाव त्या मंडळींच्या तोंडी सहज बसलं असणार.

म्हणजे कागद सांगतो तो घराची हकिगत, आणि तुम्ही सांगता ती विरहाची. मी विरहाची गोष्ट सोडा असं म्हणत नाही. बायको आणि लेक पाण्यात गेलेला माणूस त्याच नदीच्या उगमाकडच्या कड्यावर उभा राहिला असेल, तर खाली बघताना त्याच्या मनात दुसरं काय येणार? पण घराचंही सांगा. रोज डोंगर चढून येऊन बसणारा साहेब कुणाला खरा वाटणार नाही. कड्यावर राहणारा, सकाळी दार उघडलं की समोर तेच खोरं बघणारा माणूस मात्र लगेच डोळ्यांपुढं उभा राहतो.

दुसरी गाठ सालाची. मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीत हा अपघात १७९१ साली झाला असं जागोजागी लिहिलेलं सापडतं. माझ्या जावयानंही कड्यावर उभ्या उभ्या तेच वाचून दाखवलं. हे साल चुकीचं आहे, आणि ते ओळखायला इतिहासकार लागत नाही. आर्थर जन्मला १८०६ साली. त्याच्या जन्माआधी पंधरा वर्षं त्याची बायको आणि मुलगी कशी बुडेल? शिवाय १७९१ साली महाबळेश्वरला इंग्रजांची वस्तीच नव्हती. जनरल लॉडविक इथं चढून आला १८२४ साली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि गव्हर्नर माल्कम यांच्यात करार होऊन माल्कम पेठ वसली १८२९ साली. म्हणजे अपघात झाला तो त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. उद्या एखादं चुणचुणीत पोर गाडीत बसून हा हिशेब करेल आणि तुम्हाला विचारेल. तेव्हा तुम्ही अडू नये असं मला वाटतं.

१७९१ साली हिंदुस्थानात एक मॅलेट होता खरा. तो आर्थरचा बाप, चार्ल्स मॅलेट, पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा वकील. सवाई माधवरावांच्या दरबारात टिपूविरुद्धचा तह होतानाचं एक मोठं चित्र आहे, आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात हा चार्ल्स मॅलेट दिसतो. त्या चित्राची तयारी केली होती जेम्स वेल्स ह्या चित्रकारानं. वेल्स १७९५ साली वारला आणि पुढं थॉमस डॅनियलनं ते १८०५ मध्ये पुरं केलं. नाना फडणवीसांचं समोर बसवून काढलेलं चित्रही वेल्सचंच. ह्या वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी चार्ल्स मॅलेटनं १७९९ साली लग्न केलं आणि त्यांना झालेल्या मुलांपैकी एक हा आर्थर. दुसरा ह्यू मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर, ज्याचं नाव माथेरान शोधणारा म्हणून घेतलं जातं, १८५० साली. म्हणजे आपल्या दोन थंड हवेच्या गावांशी ही दोन सख्ख्या भावांची नावं जोडलेली.

आणि ज्या बाणकोटला आर्थरच्या बायको-लेकीचं स्मारक आहे, त्याच्या शेजारचं गाव वेळास. आता कासवांमुळे ते सगळ्यांना माहीत झालं आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव तेच. आजोबानं ज्याचं चित्र काढलं, बापानं ज्याच्याशी तह-तडजोडीत वर्षानुवर्षं डोकं लावलं, त्याच्या गावच्या किनाऱ्याशी नातसून आणि पणती बुडाली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. कुणीतरी हे आम्हाला शाळेत सांगायला हवं होतं.

आता अपघाताचं. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून महाबळेश्वरला यायची एक सोयीची वाट समुद्रातून होती. मुंबईहून बाणकोट, तिथून सावित्रीतून वर दासगाव-महाडकडं, आणि मग पार नावाच्या घाटानं डोलीत किंवा पालखीत बसून डोंगरावर. बाणकोटचा किल्ला तर १७५६ पासून इंग्रजांकडे होता, फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायचे त्याला, मराठ्यांचा हिंमतगड. त्यामुळे त्यांना ही खाडी घरच्यासारखी. ह्याच वाटेवर, खाडीच्या तोंडाशी, सोफिया मॅलेट, तिची तान्ही मुलगी एलेन हॅरिएट आणि तेरा खलाशी बुडाले.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण ते तोंड मी ओळखते. नदी गाळ आणते, समुद्र तो परत लोटतो, आणि दोघांच्या मध्ये वाळूचा पट्टा साठतो. भरतीला त्याच्यावर भरपूर पाणी असतं, तेव्हा काही जाणवत नाही. सुकती लागली की खाडीचं पाणी जोरानं बाहेर पडायला लागतं, आणि त्याच वेळी पश्चिमेचा वारा सुटला असेल तर समोरून लाट येते. दोन्ही पाणी त्या वाळूवर भेटतात आणि लाट सरळ उभी राहते. आजोबा म्हणायचे, पाणी उठून बसतं. लहान मचवा असेल आणि त्याचा नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्या लाटेत आडवा गेला तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून जाणता तांडेल तोंडाबाहेरच नांगर टाकून भरतीची वाट बघायचा. उतारू कुरकुरायचे. बाजाराची वेळ जायची, लग्नाचा मुहूर्त जायचा. आजोबा विडी पेटवून पाठ करून बसायचे, कुणाला उत्तर द्यायचे नाहीत.

त्या तेरांचा तांडेल थांबायला तयार होता की नव्हता, साहेबाच्या घरची माणसं बोटीत असताना त्याला थांबता येत होतं की नाही, हे मला कायम वाटत राहतं. त्याला बायका-पोरं असतील. तीही कुठल्यातरी किनाऱ्यावर वाट बघत असतील. सोफियाच्या आणि तिच्या लेकीच्या नावाचा दगड उभा राहिला, कड्याला आर्थरचं नाव मिळालं. तेरा जण मात्र फक्त तेरा राहिले. एकाचंही नाव कुठं ऐकू येत नाही. कोळी होते, खारवी होते की दालदी, तेही कुणी बोलत नाही. तुमच्या गोष्टीत तर तो आकडाही उरलेला नाही.

मी आर्थरला दोष देत नाही. त्याचं घर उद्ध्वस्त झालं होतं. आणि तेराचा आकडा आजपर्यंत पोचला हेही काही कमी नाही. पण आता गोष्ट तुमच्या तोंडी आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र तुम्हाला आठवत असेल. महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत पडली. तुमच्या डोंगरावर पडलेला पाऊसही त्या पुरात होता. पुढचे कित्येक दिवस आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं शोधत फिरत होती. आमच्या गावची पोरं होड्या घेऊन गेली होती. मी तेव्हा जेटीवर उभी होते, माझ्या शेजारी एक बाई होती, कुणाची कोण ते विचारायचं धाडस झालं नाही. ती प्रत्येक परतणाऱ्या होडीला एकच विचारायची, "काही?" होडीवरचा माणूस मान हलवायचा. ती पुन्हा पाण्याकडं बघायला लागायची. त्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची नावं पेपरात आली, अख्ख्या कोकणानं त्यांच्यासाठी हळहळ केली. तुम्हीही ड्रायव्हर आहात. गाडीतल्या पाहुण्यांबरोबर गाडी चालवणाराही जातो, आणि त्याच्याही घरी कुणीतरी जागं असतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आता नावाबद्दल, कारण अलीकडे पॉइंटांची इंग्रजी नावं काढून टाका अशी मागणी अधूनमधून कानावर येते. माझं मत विचाराल तर आर्थरचं नाव पुसू नका. पण त्याच्या आधीचं नाव त्याच्या बरोबरीनं उच्चारा. हा कडा आर्थर यायच्या आधीही होता आणि त्याला नाव होतं: मढी महाल. आपल्याकडे मढी म्हणजे बैराग्याची, गोसाव्याची झोपडी, लहानसा मठ. खालच्या सावित्रीच्या खोऱ्याला जुनी माणसं ब्रह्मारण्य म्हणतात. मढी आणि अरण्य ही नावं एकमेकांजवळ शोभतात की नाही? आमच्या बाजूनं, म्हणजे पोलादपूरकडून, ढवळे गावातून डोंगरवेडी पोरं चंद्रगडाला जातात आणि तिथून बहिरीच्या घुमटीवरून थेट तुमच्या ह्या कड्यावर चढून येतात. ती आजही मढी महाल म्हणतात. चंद्रगड हा जावळीच्या मोऱ्यांच्या मुलखातला. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली तेव्हा ही सगळी दरी स्वराज्यात आली. तुमच्या पाहुण्यांना कठड्यावरून खाली बोट करून हा गड दाखवता येतो, पण दाखवतं कोण? त्या दिवशी आम्हाला तोरणा आणि राजगड कुठल्या दिशेला ते सांगितलं गेलं, पायाखालचा चंद्रगड राहून गेला.

नावावर नाव चढणं ही महाबळेश्वरची रीतच आहे. विल्सन पॉइंट म्हणजे सिंदोळा. केट्स पॉइंट हे माल्कमच्या मुलीचं नाव, त्याच्याआधी तिथं नाके खिंड होती. लॉडविक पॉइंटला आधी खुद्द इंग्रजच सिडनी पॉइंट म्हणत होते. १८७४ साली लॉडविकच्या मुलानं तिथं बापाचा स्तंभ उभारला. कॅनॉट पीकचंही आधीचं नाव माउंट ऑलिंपिया. तेव्हा एक नाव घालवून दुसरं आणायची गरज नाही. दोन्ही सांगा. "मढी महाल, म्हणजेच आर्थर सीट" एवढं जरी तुम्ही रोज म्हटलंत तरी दोन मोसमांत ते लोकांच्या तोंडी बसेल. पाटी लागेल तेव्हा लागेल. ज्यांच्या हाती पाट्या आहेत त्यांच्यापर्यंत हे पत्र गेलं तर त्यांनीही ऐकावं: मराठीतून, ठळक अक्षरात, दोन्ही नावं आणि तेरा खलाशांचा उल्लेख, एवढं त्या कड्यावर असावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती जरा कडू लागेल.

गोष्ट सांगून झाल्यावर आमच्या दादानं पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि नातवाच्या हातात दिलं. "टाक बाळा खाली. बघ गंमत, परत वर येतं." नातवानं टाकलं. झाकण खाली गेलं, थरथरलं आणि वाऱ्याबरोबर वर उचललं गेलं. पोर टाळ्या पिटायला लागलं. सावित्रीच्या खोऱ्यातून येणारा वारा सरळ कड्यावर आदळतो, त्याला दुसरीकडं जायला वाट नसते म्हणून तो वर चढतो आणि हलकी वस्तू घेऊन येतो. गंमत खरीच आहे. पण तेच झाकण दुसऱ्या खेपेला वर आलं नाही. मी खिडकी पॉइंटच्या बाजूनं वाकून बघितलं. उन्हाची तिरीप पडली होती आणि खाली कारवीच्या झुडपांत, खडकांच्या बेचक्यांत शेकडो ठिपके चमकत होते. निळे, पांढरे, लाल. सगळी झाकणं आणि बाटल्या.

तो उतार सावित्रीचा आहे, दादांनो. पावसाळ्यात ते सगळं वाहून खाली येतं. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवीण अंडी घालायला येते तेव्हा वेळासची पोरं आधी वाळूतलं प्लास्टिक वेचतात. सगळं तुमचंच असतं असं मी म्हणणार नाही, वाटेत गावं आहेत, शहरं आहेत, आम्ही आहोत. पण सुरुवात जिथून होते तिथं तरी थांबवा. वाऱ्याची गंमत दाखवायचीच असेल तर वाळकं पान द्या पोराच्या हातात. जांभळीचं, हिरड्याचं, पायाशी पडलेलं कुठलंही. तेही वर येतं. मी स्वतः टाकून बघितलं. नातवाला त्याचीच जास्त मजा वाटली, कारण पान भिरभिरत येतं.

तुम्ही म्हणाल, मावशी, आमच्याकडं वेळ कुठं असतो? एका दिवसात बारा पॉइंट करायचे असतात, पाहुणा फोटो काढतो आणि चला म्हणतो. मला ते दिसलं. म्हणून मी गोष्ट बेतानं बांधून ठेवली आहे. दोन मिनिटांच्या वर जात नाही. मी घरी घड्याळ लावून म्हणून बघितली. तुमच्या बोलीत, तुमच्या ढंगानं सांगा, पण एवढं त्यात येऊ द्या:

"ह्या कड्याचं जुनं नाव मढी महाल. खाली दिसतोय तो जावळीच्या मोऱ्यांच्या मुलखातला चंद्रगड. इंग्रजांच्या काळात आर्थर मॅलेट नावाच्या साहेबानं इथं पहिलं घर बांधलं, म्हणून पुढं आर्थर सीट. तेव्हा मुंबईहून इकडं यायचं तर समुद्रातून बाणकोटला यायचं आणि ह्याच सावित्रीतून बोटीनं वर. त्या वाटेवर, नदी समुद्राला मिळते तिथं, त्याची बायको सोफिया आणि तान्ही लेक बुडाली. त्यांना आणणारे तेरा खलाशीही बुडाले. आपल्या कोकणातली माणसं. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. ही नदी इथून निघते आणि त्या जागेला जाऊन मिळते."

एवढंच. मग पाहुणा फोटो काढू दे, चणे खाऊ दे, पुढच्या पॉइंटला जाऊ दे.

आमचा दादा परतताना गाडीत बराच वेळ बोलला नाही. क्षेत्र महाबळेश्वरला त्यानं गाडी आपणहून थांबवली आणि मला म्हणाला, "मावशी, सावित्रीची धार बघायची ना?" आम्ही आत गेलो. पाच धारांपैकी कुठली सावित्रीची ते त्यानं बोटानं दाखवलं. मी ओंजळभर पाणी घेतलं. गार होतं. आमच्याकडं पोचेपर्यंत ते खारं झालेलं असतं. तो शेजारी उभा होता, त्यानं विचारलं, "तेराच ना?" मी म्हटलं, "तेराच."

पावसाळ्यात तुमचा धंदा बंदच असतो. तेव्हा या इकडं. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून महाडवरून मंडणगड आणि बाणकोट. एका दिवसात येऊन जाता येतं, राहिलात तर उत्तम. पलीकडं बागमांडल्याच्या बाजूनं आलात तर फेरीबोटीनं खाडी ओलांडून वेसवीला उतरा. घरी तांदळाची भाकरी आणि कालवण असेल. स्मारकाकडं जाणारी वाट पावसात निसरडी होते, पण मी नेईन. तिथून खाली तोंड दिसतं. सुकतीच्या वेळी गेलो आणि वारा पश्चिमेचा असला, तर वाळूवर पाणी कसं उठून बसतं ते काठावरूनच बघायला मिळेल.

तुमची,
बाणकोट खाडीच्या काठावरची मावशी